झाकली मूठ, दर आठवड्याला

"हल्ली तुझं हसणं खोटं वाटतं. बरं नसेल तर सांग कुणालातरी. काळजी वाटते."

एवढाच मेसेज. खाली नाव नाही, फोटो नाही, एक करडा गोल आणि त्यात प्रश्नचिन्ह. आणि त्याच्या खाली, अंगठा जिथे आपोआप टेकतो बरोबर तिथे, एक पिवळं बटण: 'कोणी पाठवलंय ते बघ'.

आता गंमत अशी की मी असली बटणं करूनच पोट भरते. ॲपच्या स्क्रीन डिझाइन करणं हे माझं काम, त्यामुळे बटण कुठे ठेवायचं, केवढं ठेवायचं, रंग कुठला, वर काय लिहायचं, दाबायच्या आधी माणूस किती वेळ घुटमळतो, हे सगळं मला तोंडपाठ आहे, आणि दुसऱ्या कुणी मला हा स्क्रीनशॉट पाठवून विचारलं असतं तर मी अर्धा तास लेक्चर दिलं असतं की अगं बाई हा सापळा आहे, यातून नाव-बिव काही मिळत नसतं, झोप जा. आणि तरी रात्री साडेबाराला अंथरुणात पडल्या पडल्या मी ते बटण दाबलं, बोट टेकवलं, पैसे भरले.

मिळालं काय? तीन ओळी. फोन कुठल्या कंपनीचा, मेसेज साधारण कुठल्या भागातून आला, आणि किती वाजता लिहिला. हात्तिच्या. वर आणखी दोन दिवसांनी कळलं की मी जे एकदाच भरलेत असं समजत होते ते दर आठवड्याला जाणार होते, 'दर आठवड्याला' हे शब्द किमतीच्या खाली फिकट करड्या रंगात, पांढऱ्यावर करडं, डोळे बारीक केल्याशिवाय दिसणार नाही असं. कुणीतरी बसून तो करडा रंग निवडला असणार. मला माहितीये कसा निवडतात ते.

ॲपचं नाव सांगत नाही. एकतर नाव घेऊन भांडायची हौस नाही, आणि दुसरं म्हणजे ही सगळी ॲप सख्ख्या भावंडांसारखी दिसतात, एकाचं सांगितलं की बाकीच्यांचं आपोआप सांगून होतं.

ज्यांनी कधी वापरलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्ही ॲप घेता, ते तुम्हाला एक लिंक देतं, ती लिंक तुम्ही स्टोरीवर टाकता, 'विचारा काहीही, नाव कळणार नाही'. बघणाऱ्याने लिंक दाबली की ब्राउझरमध्ये एक रिकामा चौकोन उघडतो, त्यात लिहायचं आणि पाठवायचं. त्याला ॲप घ्यावं लागत नाही, अकाउंट लागत नाही, ईमेल नाही, काही नाही. सुचत नसेल तर फाशाचं चित्र असतं, ते दाबलं की तयार प्रश्न येतो. आमच्या धंद्यात याला म्हणतात फ्रिक्शन काढून टाकणं, म्हणजे वाटेतला प्रत्येक खडा उचलायचा. पाठवणाऱ्याच्या वाटेवर खरोखर एकही खडा नाही. सगळे खडे उचलून नेऊन ठेवलेत ते वाचणाऱ्याच्या वाटेवर, कारण गिऱ्हाईक तो आहे. मेसेज वाचायला ॲप त्यानेच घ्यायचं, नोटिफिकेशन चालू त्यानेच करायची, आणि 'कोण असेल बरं' हा किडा त्याच्याच डोक्यात वळवळणार.

त्या पहिल्या आठवड्यात मला सतरा मेसेज आले. मला वाटलं वा, माझ्यात एवढा इंटरेस्ट आहे लोकांना. मग नीट वाचायला लागले. "तू कोणावर प्रेम करतोस का?" करतोस? मी बाई आहे, माझ्या प्रोफाइलवर माझा ढळढळीत फोटो आहे, माझ्या ओळखीतला कुठला माणूस मला करतोस म्हणेल? पुढचा: "तुमचा क्रश कोण आहे सांगा ना." बरं. त्याच्या पुढचा: "तुम्ही मला गमावत आहात का?" हे मी तीनदा वाचलं तेव्हा ट्यूब पेटली की इंग्रजीतलं 'मिस' करणं मशीनच्या घशात अडकलंय. म्हणजे हे मेसेज कुणी पाठवलेच नव्हते. ॲपच मला पत्रं लिहीत होतं, आणि स्वतःच लिहिलेल्या पत्राखाली 'कोणी पाठवलंय ते बघ' म्हणून पैसे मागत होतं.

सतरापैकी तेरा तसले निघाले. चौदावा फाशातला होता, कुणीतरी खरंच दाबलेला असावा पण प्रश्न तयार. उरले तीन.

हे मी काही नवीन शोधून काढलेलं नाही. एनजीएल नावाचं असंच एक ॲप आहे, २०२१ च्या शेवटी आलं, २०२२ मध्ये शाळा-कॉलेजातल्या पोरांच्या स्टोऱ्या त्याच्या लिंकांनी भरून गेल्या होत्या. त्याच्यावर अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशनने लॉस एंजेलिसच्या सरकारी वकिलांच्या साथीने केस केली आणि जुलै २०२४ मध्ये ५० लाख डॉलरवर मिटली. आरोप वाचताना मला माझाच फोन समोर ठेवल्यासारखं झालं. 'तू काय केलंस ते मला माहितीये' छापाचे बनावट मेसेज कंपनी स्वतः पाठवायची, आपण घाबरून किंवा लाजून आठवड्याला ९.९९ डॉलर भरायचे, आणि हिंट म्हणून मिळायची वेळ, फोन आयफोन की अँड्रॉइड, आणि ढोबळ ठिकाण. आठवड्याला दहा डॉलर म्हणजे वर्षाला ५१९. लोक तक्रार करायला लागले तेव्हा आतल्या गप्पांमध्ये त्यांना भोळसट, बकरे अशा अर्थाचा शब्द वापरला गेला असंही त्या केसमध्ये आहे. मिटवामिटवीत एक अट अशी पडली की १८ वर्षांखालच्यांना हे ॲप द्यायचंच नाही.

आठवड्याचं सबस्क्रिप्शन का, महिन्याचं का नाही, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. कारण अशा ॲपचं आयुष्यच मुळात काही आठवड्यांचं असतं. लग्नातल्या फुलांसारखं, आज दारात तोरण आणि परवा कचऱ्यात. सगळ्या वर्गाने एका शनिवारी घेतलं, तीन आठवडे धुमाकूळ, चौथ्या आठवड्यात शुकशुकाट. त्यामुळे कापणी लवकर करायची, आणि माणूस ॲप डिलीट करतो पण सबस्क्रिप्शन बंद करायला विसरतो, ते विसरणं हेसुद्धा उत्पन्नात धरलेलं असतं. बंद करायचं बटण माझ्या ॲपमध्ये तर नव्हतंच, फोनच्या सेटिंगमध्ये चार स्क्रीन आत होतं.

पण मला खरं लिहायचंय ते फसवणुकीबद्दल नाही, म्हणजे तेवढंच नाही. फसवणूक सोपी गोष्ट आहे, पकडली की संपली. मला लिहायचंय ते असं की समजा कुणी प्रामाणिक माणसाने असं ॲप काढलं तर त्याने पैसे कशाचे घ्यायचे? कारण मी अशा माणसांबरोबर काम केलंय.

चार जणांची टीम होती, मी पाचवी आणि तीही कंत्राटावर. कल्पना चांगली होती, अगदी मनापासून. ज्या गोष्टी तोंडावर बोलता येत नाहीत त्या नाव न सांगता बोलता याव्यात, बॉसला फीडबॅक, मित्राला 'तू फार पितोस', बहिणीला सॉरी. जॉन सुलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये यावर लिहिलंय, पडद्याआड गेलं की माणसाचा संकोच सुटतो, आणि तो दोन्ही बाजूंनी सुटतो, म्हणजे एरवी न बोलणारा मायेनं बोलतो आणि एरवी सभ्य वागणारा विष ओकतो. आमच्या फाउंडरला यातली पहिली बाजू फार आवडायची. दुसरीबद्दल तो म्हणायचा, ते मॉडरेशनने, म्हणजे वाईट मेसेज चाळून काढून, बघून घेऊ. सराहा नावाच्या निनावी ॲपची सुरुवातही अशीच होती, सौदीतल्या एका डेव्हलपरने कर्मचाऱ्यांनी साहेबांना मोकळेपणाने सांगावं म्हणून केलेली वेबसाइट, नावाचा अर्थच प्रांजळपणा. २०१७ च्या उन्हाळ्यात ते जगभर पसरलं, ऑगस्टमध्ये उघडकीला आलं की ॲप लोकांच्या फोनमधले कॉन्टॅक्ट आपल्या सर्व्हरवर नेतंय, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये पोरांच्या छळाच्या तक्रारींनंतर ॲपल आणि गूगल दोघांच्याही ॲप स्टोअरमधून गेलं. प्रांजळपणा एवढाच टिकला.

तर आमची मीटिंग. फळ्यावर एका बाजूला खर्च, दुसऱ्या बाजूला उत्पन्न. खर्चाची बाजू भरली भराभर, उत्पन्नाच्या बाजूला मोठं प्रश्नचिन्ह, करड्या गोलातल्यासारखंच.

जाहिराती घेऊ म्हटलं तर जाहिरातवाला पहिला प्रश्न विचारतो की बघणारा कोण आहे, आणि आम्ही तर अभिमानाने सांगत होतो की आम्हाला माहीत नाही. शिवाय 'मला जगावंसं वाटत नाही' या मेसेजच्या शेजारी आपली शांपूची बाटली कुठल्याच कंपनीला नको असते. मग कुणीतरी सीक्रेट नावाच्या निनावी ॲपचं उदाहरण दिलं. ते जानेवारी २०१४ मध्ये आलं, साडेतीन कोटी डॉलर उभे केले आणि एप्रिल २०१५ मध्ये बंद, पंधरा महिने जेमतेम. यिक याकचं तर त्याहून मोठं. कॉलेजच्या आवारात जवळपासच्या लोकांचे निनावी मेसेज, २०१३ ला सुरू, एकेकाळी किंमत ४० कोटी डॉलरच्या आसपास धरली जायची. कमाई नव्हती, छळाच्या तक्रारी मात्र रोज, म्हणून २०१६ मध्ये त्यांनी लोकांना नावं घ्यायला लावली, हँडल, म्हणजे टोपणनाव, सक्तीचं केलं. पोरं म्हणाली नावानेच बोलायचं तर इथे कशाला, बाकीची ॲप आहेत की. काही महिन्यांत हँडल मागे घेतलं पण तोवर गाडी निघून गेली होती. २०१७ मध्ये बंद पडलं तेव्हा स्क्वेअर कंपनीने त्यांचे काही इंजिनीअर सुमारे १० लाख डॉलरला घेतले. ४० कोटींचे १० लाख. पुढे २०२१ मध्ये वेगळ्या लोकांनी ते परत काढलं, ती वेगळी कथा.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, या धंद्यात ती म्हण अक्षरशः ताळेबंदावर लिहिता येईल.

फळ्याकडे बघत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाला, "हिंट विकूया." आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण स्क्रीन मी करणार होते.

मी केली. खोटं कशाला बोलू. मेसेजखाली नावाच्या जागी अक्षरं ब्लर केली, प्रत्यक्षात त्या ब्लरमागे नाव नव्हतंच, नुसती कुठलीतरी अक्षरं होती, पण डोळ्याला वाटतं की जरा चष्मा पुसला की वाचता येईल. हा ब्लर अकरा वेळा बदलला. फार केला तर भिंत वाटते, कमी केला तर आतली निरर्थक अक्षरं दिसतात. शेवटी जो ठरला त्यात पहिलं अक्षर 'स' किंवा 'म' असेल असं वाटायचं, आणि कुणाच्या ओळखीत 'स' किंवा 'म'वरून कुणी नसतं? मला त्या ब्लरचा अभिमान वाटला होता, हे आज लिहायला लाज वाटते पण वाटला होता. गॅस नावाच्या एका ॲपने २०२२ मध्ये हेच केलं, गॉड मोड म्हणून आठवड्याला ६.९९ डॉलर, आणि त्यात नावाचं अक्षर वगैरे हिंट. ती भानगड निदान कौतुकाच्या मतदानापुरती होती, शिवी लिहायची सोयच नव्हती. जानेवारी २०२३ मध्ये डिस्कॉर्डने घेतलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बंद केलं.

हिंट सुरू करायच्या आधी आम्ही ॲपमध्ये एक सूचना टाकली होती की लवकरच असं फीचर येतंय. दोन दिवसांनी सपोर्टच्या इनबॉक्समध्ये एक मेल आला. टीम लहान, त्यामुळे सपोर्ट पाळीपाळीने, त्या दिवशी माझी पाळी. मेल असा: मी माझ्या मोठ्या भावाला एक गोष्ट लिहिली आहे, लहानपणाची आहे, त्याला कधी सांगता आली नाही. त्याने पैसे भरले तर त्याला माझं नाव कळेल का?

मी उत्तर लिहायला घेतलं. 'नाही, नाव कधीच कळणार नाही, निश्चिंत राहा.' आणि पाठवायच्या आधी थांबले, कारण मग मी त्या मुलाच्या (की मुलीच्या, मेलमधून कळत नव्हतं) बाजूने मोजायला लागले. हिंटमध्ये काय येणार? फोनची कंपनी, भाग, वेळ. लाखभर अनोळखी लोकांत यातून काही कळत नाही. पण मेसेज येतो तो लाखभर लोकांतून नाही येत, तो येतो आपली स्टोरी बघणाऱ्या, आपल्याला लिहावंसं वाटणाऱ्या पाच-सात माणसांतून, आणि त्या पाच-सातांत तो फोन दोघांकडे असतो, त्या भागात एकजण राहतो, रात्री अडीचला जागा असणारा कोण ते आपल्याला पाठ असतं. जेवढं माणूस जवळचं तेवढी हिंट धारदार. अनोळखी टवाळखोराला त्याने ओरखडाही उठत नाही, तो हवं तर दुसऱ्याच्या फोनवरून लिहील. सापडतो तो नेमका ज्याने घाबरत घाबरत खरं लिहिलंय तो.

म्हणजे हिशेब सरळ आहे. हिंट निरुपयोगी असेल तर पैसे भरणाऱ्याला फसवलं, उपयोगी असेल तर लिहिणाऱ्याला. मधली जागा शोधायला मी दोन दिवस डोकं आपटलं, कागदावर वेगवेगळे फ्लो काढले, पाठवणाऱ्याची परवानगी विचारायची का, चोवीस तासांनी हिंट द्यायची का. परवानगीचा फ्लो सगळ्यात बरा होता पण त्यात फाउंडरने बरोबर बोट ठेवलं, की जो परवानगी देईल तो आधीच नावाने का नाही लिहिणार. खरंय. कुंपणानेच शेत खायचं असेल तर निदान किती वाजता खाणार ते कळवून काय उपयोग.

त्या मेलला मी शेवटी लिहिलं की फीचर यायच्या आत तुमचा मेसेज काढून टाकायचा असेल तर मी काढते. उत्तर आलं, काढा. काढला. भावाने तोवर वाचला होता की नाही ते मी लॉगमध्ये बघू शकले असते, नाही बघितलं.

आम्ही मग हिंट बाजूला ठेवून रंग विकले, थीम, चौकोनाचे आकार, असलं. पडद्याला हात न लावता पडद्याची झालर विकायची. दोन टक्केही लोकांनी घेतलं नाही आणि जे आलं त्यातून ॲप स्टोअरचा वाटा गेला, उरलं ते एका सर्व्हरला पुरलं नाही. वर्षाच्या आत दुकान बंद. फाउंडर आता ऑफिसात रजा मंजूर करायचं सॉफ्टवेअर विकतो, छान चाललंय त्याचं.

लोक मला विचारतात की सिग्नल या मेसेजिंग ॲपला कसं जमतं मग. सिग्नल निनावी गप्पांचं ॲप नाही, पण गुप्तता हाच त्याचा जीव, आणि चालतं ते देणग्यांवर, व्हॉट्सॲपच्या एका संस्थापकाने २०१८ मध्ये ५ कोटी डॉलर दिले त्यावर पाया घातला गेला. त्यांनी २०२३ मध्ये स्वतःचा खर्च उघड मांडला होता, तो मी तेव्हा चहा थंड होईस्तोवर वाचत बसले होते. सर्व्हरला वर्षाला २९ लाख डॉलर, बँडविड्थला २८ लाख, आणि पगार सोडून अशा तांत्रिक खर्चातला सगळ्यात मोठा आकडा ६० लाख, तो कशाचा तर नवीन माणूस आला की त्याच्या नंबरवर कोड पाठवायच्या एसएमएसचा वगैरे. म्हणजे समोरचा खरा माणूस आहे एवढंच पटवून घ्यायला सर्व्हरच्या दुप्पट पैसे. थ्रीमा नावाचं स्विस ॲप नंबर मागतच नाही, आठ अक्षरांचा आयडी देतं आणि सुरुवातीलाच एकदा पैसे घेतं, संपला विषय. फोरचॅन या निनावी गप्पांच्या वेबसाइटवर वर्षाला २० डॉलरचा पास मिळतो, त्याने काय मिळतं तर दर वेळी कॅप्चा, म्हणजे आपण मशीन नाही हे पटवायचं कोडं, भरावा लागत नाही. फोरचॅनबद्दल चांगलं बोलायची वेळ माझ्यावर क्वचित येते, पण विकण्याच्या दृष्टीने ही गोष्ट स्वच्छ आहे, गैरसोय कमी करायचे पैसे घेतले, कुणाचं नाव तराजूत ठेवलं नाही.

आणि पोस्टसीक्रेट. लोक आपलं गुपित पोस्टकार्डावर लिहून पाठवायचे, ती वेबसाइट २००५ पासून आहे. सप्टेंबर २०११ मध्ये त्यांनी पैसे देऊन घ्यायचं ॲप काढलं, लाखो गुपितं आली, आणि २०११ संपता संपता त्यांनीच ते बंद केलं. चालवणाऱ्याचं म्हणणं असं होतं की ९९ टक्के लोक नीट वागत होते, उरलेल्या एका टक्क्याला आवरणं स्वयंसेवकांना झेपेना. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा कळलं की आमच्या फळ्यावर 'मॉडरेशन' या शब्दापुढे जो आकडा होता तो किती पोरकट होता.

आकडा लहान असला की मग वचनं मोठी होतात. स्नॅपचॅटला जोडून चालणाऱ्या योलो नावाच्या निनावी ॲपने, हे २०१९ मधलं, आत शिरतानाच लिहून दाखवलं होतं की कुणाला त्रास दिलात तर तुमचं नाव उघड करू. लाखो वापरणारे आणि टीम दहाएक माणसांची. एका मुलाचा तिथे वारंवार छळ होत होता, तो कोण करतंय हे शोधायचा त्याने प्रयत्न केला, हाती काही लागलं नाही, २०२० मध्ये त्याचा जीव गेला. पुढच्या वर्षी घरच्यांनी केस केल्यावर स्नॅपचॅटने योलोला आपल्यावरून काढलं. आणि २०२४ मध्ये अमेरिकेतल्या अपील कोर्टाने म्हटलं की लोकांनी काय लिहिलं त्याबद्दल ॲपला धरता येणार नाही, पण स्वतः दिलेलं वचन मोडलं त्यावर केस चालू शकते. मी ती स्क्रीन बघितली आहे, त्या वचनाची. सुबक होती, फॉन्ट छान होता. अशी वाक्यं लिहायला पाच मिनिटं लागतात, कॉपीरायटर नसला तर डिझायनरच लिहितो.

मराठीत निनावी राहणं तसंही अवघड आहे, हे मला त्या ॲपवर काम करताना कळलं. आपलं क्रियापद चुगलखोर. 'मी तुला रोज बघतो' म्हटलं की निम्मी माणसं यादीतून बाद, 'बघते' म्हटलं की उरलेली निम्मी. तू म्हणायचं की तुम्ही म्हणायचं त्यावरून वय आणि नातं कळतं, 'अगं' आलं की आणखी कळतं. त्यामुळे मुरलेले लोक एक वेगळीच मराठी लिहितात, आम्ही तिला हसायचो. 'मला वाटतं', 'मला दिसलं', 'माझ्याकडून झालं'. निनावी मराठीत सगळ्यांना काहीतरी वाटत असतं, कुणी काही करत नाही. कुठल्याही हिंटपेक्षा एका 'तो-ते'मध्ये जास्त माहिती असते, आणि ती फुकट असते.

आता वरचा मेसेज परत वाचा. हसणं खोटं वाटतं. सांग कुणालातरी. काळजी वाटते. तीन वाक्यं, आणि लिहिणाऱ्याचं लिंग सांगणारं एकही क्रियापद नाही. मशीनला हे जमलं नसतं, त्याने पहिल्याच वाक्यात करतोस केलं असतं. हे कुणीतरी बसून, एकेक वाक्य तपासून, मला कळू नये अशा बेताने लिहिलं होतं. पैसे भरायच्या आधीच मला हे दिसलं होतं. त्या तीन खऱ्या मेसेजांमधला हा एक आहे हे माहीत असूनच मी बटण दाबलं.

आणि हात्तिच्या म्हणाले वगैरे ते पूर्ण खरं नाही. पहिल्या क्षणी म्हणाले. मग त्या तीन ओळी परत बघितल्या. तो फोन माझ्या ओळखीत तिघांकडे. त्या भागात त्यातलं एकच. वेळ पहाटे पावणेपाचची, आणि त्या वेळेला उठून पाणी भरल्यासारखी नियमाने मोबाईल घेऊन बसणारी व्यक्ती मला पंधरा वर्षं माहीत आहे. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मी काही बोलले नाही. पण पुढच्या वेळी भेटलो तेव्हा मी जरा जास्तच हसले, म्हणजे हे बघ खरं हसतेय असं दाखवायला, आणि समोरच्या चेहऱ्यावर एक क्षणभर जे आलं त्यावरून कळलं की तिकडेही कळलंय. दोघीही मग भराभरा दुसऱ्या विषयावर गेलो. बरं नसेल तर सांग म्हटलं होतं, ते सांगायला खरं म्हणजे तिच्याएवढं योग्य माणूस नव्हतं, आणि आता तेच जमणार नव्हतं.

दोघीही. बघा, लिहून गेले ना. इतका वेळ 'व्यक्ती', 'समोरचा' करत सांभाळलं होतं.

सबस्क्रिप्शन बंद केलं, तीन आठवड्यांचे पैसे गेले ते गेले. लिंक मात्र मी अजून काढलेली नाही, तशीच आहे प्रोफाइलवर, काय वाटतंय कुणास ठाऊक. मेसेज येतात अधूनमधून, काल रात्रीही आला. नोटिफिकेशन वाजली तशी उठून बसले. "तू आज खूप सुंदर दिसत होतास."